आबांना काहीच त्रास नाही, मग इंजेक्शन आत्ताच कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. कागल तालुक्यातले ६२ वर्षांचे गृहस्थ, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, घरचा दोन एकर ऊस अजून स्वतः बघतात. गावातल्या आरोग्य शिबिरात ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) ८५ आला म्हणून पुढच्या तपासण्या झाल्या. रक्तात एम-प्रोटीन २.३ ग्रॅम प्रति डेसिलिटर, बोन मॅरोत (अस्थिमज्जेत) प्लाझ्मा पेशी २४ टक्के, फ्री लाइट चेनचं गुणोत्तर ९. हिमोग्लोबिन १२.९, क्रिएटिनिन १.०, कॅल्शियम ९.४. निदान स्मोल्डरिंग मायलोमा. एक डॉक्टर म्हणाले, दर तीन महिन्यांनी तपासत राहू. दुसरे म्हणाले, डाराट्युमुमॅब (बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी मारणारं इंजेक्शन) सुरू करा, तीन वर्षं घ्यावं लागेल. मुलगा विचारतो, "आबा म्हणतात, मला धाड भरली नाही, सुया कशाला टोचून घेऊ? आम्ही नेमकं कुणाचं ऐकायचं?"

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. आबांना हे औषध लागण्याची शक्यता बरीच आहे, पण हातात आहेत एवढ्याच कागदांवर ते सुरू करू नये. दोन गोष्टी कमी आहेत: संपूर्ण शरीराचा एमआरआय (तो जमत नसेल तर पेट-सीटी) आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमधून पुन्हा केलेली रक्ततपासणी. या दोन गोष्टींवाचून 'सुरू करा' म्हणणं घाईचं, आणि 'नुसतं बघू' म्हणणंही तितकंच अर्धवट.

आजार काय आहे ते आधी पाहू. प्लाझ्मा पेशी म्हणजे अस्थिमज्जेतल्या, जंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी. त्यातली एक बिघडते, स्वतःसारख्याच पेशी वाढवत जाते आणि त्या सगळ्या मिळून एकाच साच्याचं, निरुपयोगी प्रोटीन रक्तात सोडतात. तेच एम-प्रोटीन. प्रतिपिंडाचे सुटे राहिलेले छोटे तुकडे म्हणजे फ्री लाइट चेन; त्यांचे दोन प्रकार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण म्हणजे तुमच्या रिपोर्टातलं गुणोत्तर. अशा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि एम-प्रोटीन ३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला एमगस म्हणतात. पन्नाशीपुढच्या शंभरात साधारण तिघांत तो सापडतो आणि वर्षाला एक टक्का या संथ गतीने पुढे सरकतो. पेशी १० ते ६० टक्के किंवा प्रोटीन ३ ग्रॅम वा अधिक, पण अवयवांना काहीच इजा नाही, हा स्मोल्डरिंग टप्पा. कॅल्शियम वाढणं, किडनी बिघडणं, रक्त कमी होणं, हाडं पोखरणं यांपैकी काही या आजारामुळे सुरू झालं की तो मायलोमा, म्हणजे कर्करोग.

या मधल्या टप्प्याचं वर्णन अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये केलं. त्यांच्याच रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही उपयोगी आहे. पहिली पाच वर्षं दरवर्षी सुमारे १० टक्के लोक मायलोमाकडे जातात, पुढची पाच वर्षं वर्षाला ३ टक्के, त्यानंतर वर्षाला १ टक्का. सुरुवातीला धोका जास्त आणि मग उतरता, याचा अर्थ या नावाखाली दोन वेगळी माणसं बसलेली असतात. काहींचा आजार खरं तर मायलोमाच असतो, फक्त अजून दात दाखवलेले नसतात. बाकीच्यांचा एमगससारखाच सुस्त असतो. आबा यांतल्या कुठल्या गटात आहेत, हे ठरवण्यावर सगळं अवलंबून आहे.

त्यासाठी आज '२०-२-२०' हा हिशेब वापरतात. प्लाझ्मा पेशी २० टक्क्यांच्या वर, एम-प्रोटीन २ ग्रॅमच्या वर, लाइट चेनचं गुणोत्तर २० च्या वर. यातलं एकही नसेल तर दोन वर्षांत मायलोमा होण्याची शक्यता सुमारे ६ टक्के, एक असेल तर १८, दोन किंवा तीन असतील तर ४४. आबांचे दोन निकष भरतात, म्हणजे ते अतिजोखमीच्या गटात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी हेच पाहिलं.

पण आकडे नीट बघा. २.३ आणि २४, दोन्ही उंबरठा ओलांडून जेमतेम आत आलेले. मॅरोतल्या पेशींची टक्केवारी सुईने ओढलेल्या द्रवात एक येते, हाडाच्या तुकड्यात दुसरी येते, आणि काचपट्टी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहिली की तिसरी. (आम्ही दोन्हीत जो आकडा जास्त असेल तो धरतो.) पावसाळ्यात आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो तेव्हा ३९ फुटांची इशारा पातळी आली का एवढंच विचारत नाही, कालपासून किती चढली तेही विचारतो. इथंही तसंच आहे. दोन-तीन महिन्यांनी एम-प्रोटीन २.३ च राहिलं, हिमोग्लोबिन जागचं हललं नाही, तर मी निवांत बसेन. ते २.८ झालं आणि हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं, तर वाट बघायचं कारण संपलं.

म्हणून लॅब बदलू नका, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो. फ्री लाइट चेन मोजण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीशी ताडून बघता येत नाही. कोल्हापुरातली बरीच कलेक्शन सेंटरं असे नमुने मुंबई-पुण्याला पाठवतात. तेव्हा दुकानावरची पाटी न बघता तपासणी प्रत्यक्षात कुठे झाली ते रिपोर्टवर बघा आणि पुढच्या वेळीही तिथेच जाईल असं पाहा. २४ तासांच्या लघवीची तपासणी झालेली दिसत नाही, तीही करा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी कॅनमध्ये जमा करायची. मधे एकदा शेतात जाऊन आलं की हिशेब बिघडतो, म्हणून त्या दिवशी आबांना घरीच थांबवा.

आता एमआरआय. तुमच्या कागदांत कवटीचे, मणक्याचे आणि मांडीच्या हाडांचे एक्स-रे आहेत आणि ते 'नॉर्मल' आहेत. या आजारात एक्स-रे नॉर्मल असण्याला फार किंमत नाही, कारण हाडाचा तीसेक टक्के भाग झिजल्याशिवाय त्यात खड्डा दिसत नाही. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाने व्याख्या बदलली. पेशी ६० टक्के वा अधिक, लाइट चेनचं गुणोत्तर १०० वा अधिक, किंवा एमआरआयमध्ये ५ मिलिमीटर वा त्याहून मोठे एकापेक्षा जास्त डाग, यांपैकी एक जरी असलं तरी त्रास नसताना तो मायलोमाच मानायचा आणि पूर्ण उपचार करायचे. म्हणजे आबांच्या एमआरआयमध्ये दोन-तीन डाग निघाले, तर हा वादच मिटला. मग एकट्या डाराट्युमुमॅबवर ठेवणं हा अपुरा उपचार ठरेल, तीन-चार औषधं एकत्र द्यावी लागतील. सुरू करायच्या आधी एमआरआय हवा तो याचसाठी. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

समजा एमआरआय स्वच्छ आला आणि आकडे चढतायत. तेव्हा औषधाने काय मिळतं?

सगळ्यात मोठा पुरावा 'अक्विला' नावाच्या चाचणीचा, डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. ३९० रुग्ण, निम्म्यांना पोटाच्या त्वचेखाली डाराट्युमुमॅब, निम्म्यांवर फक्त बारीक लक्ष. औषध जास्तीत जास्त तीन वर्षं. पाच वर्षांनी बघितलं तर औषध घेतलेल्या शंभरातले ६३ जण मायलोमाशिवाय जिवंत होते, लक्ष ठेवलेल्या शंभरातले ४१. जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ९३ आणि ८७. यावरून युरोपात आणि अमेरिकेत २०२५ मध्ये अतिजोखमीच्या स्मोल्डरिंग मायलोमासाठी या औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी या टप्प्यासाठी मान्यता असलेलं औषधच नव्हतं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. शंभरातल्या बावीस जणांचा आजार पाच वर्षांत रोखला गेला, हे थोडं नाही. पाठीचा मणका खचून अंथरुणाला खिळलेला किंवा डायलिसिसवर आलेला माणूस ज्याने पाहिलाय, त्याला या बावीसची किंमत सांगावी लागत नाही. पण ४१ जण काहीही न घेता पाच वर्षं ठीक राहिले, आणि ३७ जणांचा आजार औषध घेऊनही पुढे सरकला किंवा ते दगावले. शिवाय त्या चाचणीत 'अतिजोखीम' ठरवायचे निकष जुने होते. '२०-२-२०' लावलं तर तिथले निम्म्याहून कमी रुग्ण आज त्या गटात बसतात. अर्थात त्या कमी लोकांतच औषधाचा फायदा जास्त ठळक दिसला, म्हणून आबांसारख्यांच्या बाबतीत माझा कल औषधाकडे झुकतो.

मुलाच्या पत्रात एक वाक्य आहे, "आत्ताच मारलं तर कायमचं जाईल ना?" नाही. या औषधाने आजार लांबतो. तो मुळासकट काढायचे प्रयत्न, तीन-चार औषधं आणि कुणाकुणावर स्टेम सेल प्रत्यारोपण करून, संशोधनात चालू आहेत. पण संशोधनाच्या बाहेर, धडधाकट माणसाला तसलं काही करायला मी सांगणार नाही.

इंजेक्शनं किती, हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, पुढचे सोळा आठवडे पंधरा दिवसांनी, मग दर चार आठवड्यांनी. तीन वर्षं पूर्ण केली तर एकूण ४९. एका इंजेक्शनचा दर विचारून घरी येऊ नका, ४९ चा हिशेब कागदावर मागा, तो लाखांमध्ये जातो. विमा असेल तर 'कर्करोगपूर्व अवस्था' त्यात बसते का हे कंपनीकडून लेखी घ्या. शासकीय योजनेतून काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, गावातल्या कुणी सांगितलंय यावर जाऊ नका. आणि सहाव्या महिन्यात पैसे संपले म्हणून सोडून द्यायची वेळ येणार असेल, तर ते आत्ताच डॉक्टरांना सांगा. त्यात लाज वाटायचं काही नाही, निर्णय बदलू शकतो.

दुष्परिणाम बहुतेकांना झेपतात. चाचणीत शंभरातल्या सहाच्या आसपास जणांनी त्यामुळे औषध सोडलं. पहिल्या डोसला थंडी-ताप, नाक चोंदणं, धाप असं होऊ शकतं, म्हणून पहिला डोस दवाखान्यात थांबून घ्यायचा. सोबत स्टिरॉइड देतात, त्यामुळे मधुमेह असेल तर साखर उसळते. पुढे मुख्य भीती जंतुसंसर्गाची. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासायचा, न्यूमोकोकस आणि फ्लूची लस घ्यायची, नागीण उठू नये म्हणून गोळी चालू ठेवायची.

आणि एक गोष्ट, जी हमखास राहून जाते. हे औषध रक्तपेढीच्या क्रॉस-मॅचिंगमध्ये, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाशी जुळतं का या तपासणीत, घोळ घालतं. तपासणीत कुठलीच पिशवी जुळत नाही असं दिसतं. उद्या आबांचा अपघात झाला आणि रात्री दोन वाजता रक्त लागलं, तर तासन् तास जातील. त्यावर उपाय सोपा आहे. पहिल्या इंजेक्शनआधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्यायची, त्याचं कार्ड आबांच्या पाकिटात ठेवायचं आणि शेवटच्या डोसनंतरही सहा महिने रक्तपेढीला सांगत राहायचं.

गोळीचा पर्याय आहे का, असंही विचारलंय. लेनालिडोमाइड. तिच्यावर दोन महत्त्वाच्या चाचण्या झाल्या. स्पेनमधली २०१३ ची, ११९ रुग्णांची, स्टिरॉइडसोबत. आणि अमेरिकेतली २०२० ची, १८२ रुग्णांची, नुसत्या गोळीची. दुसरीत तीन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ९१ टक्के विरुद्ध ६६ टक्के होतं, आणि अतिजोखमीच्या गटात फायदा जास्त. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिकमुळे ही गोळी डाराट्युमुमॅबच्या मानाने फारच स्वस्त पडते, म्हणून आपल्याकडे ती बाद करता येत नाही. पण दुखणी वेगळी आहेत. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन लागतं, पांढऱ्या पेशी उतरतात, अंगावर पुरळ उठतं, दुसरा कर्करोग होण्याचा थोडा धोका असतो, आणि बऱ्याच जणांना ती अर्ध्यातच सोडावी लागते. जास्त काळ घेतली तर पुढे प्रत्यारोपणासाठी स्टेम सेल गोळा करताना अडचण येते, म्हणून त्याचा विचार आधी करावा लागतो. आणि ही थॅलिडोमाइडच्या कुळातली आहे, गर्भाला घातक. घरात सून गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर तिने कॅप्सूलला हातही लावू नये. आबांना पैशाची अडचण असेल तर हा मार्ग खुला आहे, पण 'गोळीच तर आहे' या समजुतीने घेऊ नका.

आता आबांच्या रोजच्या जगण्याबद्दल. इथं मला जास्त बोलायचंय, कारण नुकसान इथंच जास्त होतं.

'प्रोटीन वाढलंय' हे ऐकलं की घरातली बाई पहिलं काय करते? डाळ, अंडी, दूध, मटण बंद. महिनाभरात माणूस वाळतो आणि सगळे म्हणतात, आजार वाढला. एम-प्रोटीन ताटातून येत नाही, बिघडलेल्या पेशी ते स्वतः बनवतात. आबांनी रविवारी पांढरा रस्सा प्यायला तर एम-प्रोटीन वाढत नाही. पोटाचा घेर मोठा असेल तर वजन उतरवावं, कारण लठ्ठपणाचा या आजाराशी संबंध दिसतो. ते कारण धरून तेलकट आणि गोड कमी करा, प्रोटीन नको.

हळदीबद्दल विचारलंय. सांगली शेजारीच असल्यामुळे हा प्रश्न मला इथं येतोच येतो. कर्क्युमिनवर अगदी छोटे अभ्यास झालेत, त्यावरून उपचार ठरवता येत नाहीत. भाजीतली हळद चालू द्या. कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. भस्मं आणि अनोळखी पुड्या मात्र पूर्ण बंद, त्यातले जड धातू किडनीला मारक ठरू शकतात. या आजारात किडनी आधीच टांगणीला असते.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे दुखण्याची सुई. उसाला पाणी पाजून कंबर धरली की गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅक टोचून घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. आबांनी ती आजपासून सोडावी. दुखलंच तर पॅरासिटामॉल. सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य देणार असतील तर आधी आजार सांगा. पाणी भरपूर प्या, उन्हाळ्यात दुपारी रानात थांबू नका.

फवारणीचंही विचारलंय. अमेरिकेतल्या कीटकनाशक फवारणाऱ्या शेतकऱ्यांत एमगसचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आबांचा आजार त्यानेच झाला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. तरी यापुढे पंप त्यांच्या पाठीवर नको, माणूस लावा.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तेही पक्कं करून घ्या. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी रक्त, वर्षातून एकदा एमआरआय. मधेच कंबर किंवा बरगडी दुखायला लागली आणि रात्री पडूनही थांबेना, खूप तहान आणि बद्धकोष्ठ एकदम आली, लघवीला फेस येऊ लागला, चढावर दम लागू लागला, लागोपाठ न्यूमोनिया झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं. पाय अचानक जड पडले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी, कारण मणक्यात मज्जारज्जू दबला असू शकतो.

औषध सुरू करायचं ठरलं तर सुरुवात शक्यतो पावसाळा टाळून करा, कारण पहिले आठ आठवडे एकही फेरी चुकवायची नसते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, ते आपल्या लक्षात आहेच. इंजेक्शनसाठी मुंबईला जायची गरज नाही, ती इथं देता येतात. मात्र निर्णयाआधी एकदा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, तुमचे डॉक्टर त्याचा राग मानणार नाहीत. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. मॅरोच्या काचपट्ट्या आणि मेणातला ठोकळा लॅबकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. फिश (पेशींतल्या गुणसूत्रांची) तपासणी झाली नसेल तर ती त्यातूनच होते का ते विचारा, गुणसूत्रांतले काही बदल जोखीम आणखी वाढवतात. नाही झाली आणि पुन्हा मॅरो करायची वेळ आली, तर आबांना आधीच सांगा की सुई कमरेच्या मागच्या हाडात जाते, मणक्यात नाही. बहुतेक जण त्याच भीतीने नाही म्हणतात.